खवले मांजराचे खाते उघडणारा माणूस

मी बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. तेव्हा अठराव्या शतकातल्या एका स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाचे चरित्र सांगायला मी कशी बसले, हे आधी सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही खानापूर तालुक्यात आजोळी गेलो होतो. रात्री कुत्री फार भुंकू लागली म्हणून मामा बॅटरी घेऊन गोठ्यामागे गेला आणि त्याच्यामागे आम्ही सगळे. भिंतीच्या कडेला घागरीएवढा एक गोळा पडला होता. अंगावर कौलांसारखे एकावर एक चढवलेले खवले. हालचाल नाही. बाबा लगेच म्हणाले, हे खवले मांजर. मामाने मान हलवली. ही चिप्पुहंदी, असे त्याचे म्हणणे. (माझ्या आईचे माहेर कन्नड, वडिलांचे घर मराठी. आमच्या भागात यात नवल काही नाही.) हंदी म्हणजे डुक्कर, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नको. माझा धाकटा भाऊ तर सुसरीचे पिल्लू म्हणून मोकळा झाला. एका जनावराला पाच मिनिटांत मांजर, डुक्कर आणि सुसर अशा तीन जाती मिळाल्या! अज्जीने मात्र कुत्री बांधायला लावली आणि सगळ्यांना दटावून आत नेले. सकाळी वनखात्याचा माणूस आला आणि तो प्राणी जाळीच्या पेटीत घालून रानात सोडून आला.

प्राणी गेला, पण बाबांचा आणि मामाचा वाद राहिला. तो मिटवावा म्हणून मी आपल्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी उत्तर दिले नाही. ग्रंथालयातून एक चरित्रग्रंथ काढून दिला आणि या जनावराचे खाते ज्याने प्रथम उघडले त्याला आधी भेट, असे सांगितले. सरांना मी वाणिज्य शाखेची आहे हे ठाऊक होते, म्हणून खाते हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला असावा. मला मात्र तो शब्द पुस्तक संपेपर्यंत सोडून गेला नाही.

कार्ल लिनीअसचा जन्म 23 मे 1707 रोजी स्वीडनच्या दक्षिण भागात स्मोलंड प्रांतातल्या रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील निल्स हे चर्चचे धर्मोपदेशक आणि बागेचे मोठे वेडे. त्या काळी स्वीडनच्या खेड्यापाड्यांत कायमचे आडनाव लावण्याची चाल नव्हती, बापाचे नाव लावले की काम भागे. निल्स विद्यापीठात दाखल होऊ लागले तेव्हा नोंदवहीत आडनाव हवे, म्हणून घराच्या जमिनीवर लिंडनचे एक जुने, मोठे झाड होते, त्यावरून त्यांनी लिनीअस हे नाव घेतले. साऱ्या सृष्टीला पुढे ज्याने नावे दिली, त्याचे स्वतःचे आडनाव असे एका प्रवेशअर्जाच्या रकान्यातून निघालेले आहे.

हे वाचताना मला माझा एक अर्ज आठवला. कोठला ते राहू द्या. त्यात मातृभाषा या शब्दापुढे एकच लहान चौकोन होता. मी विचार करीत थांबले. घरात आईशी कन्नड, बाबांशी मराठी, शाळा मराठी, बाजार दोन्ही. खिडकीतल्या गृहस्थांना घाई होती. त्यांनी माझे आडनाव पाहिले आणि चौकोन स्वतःच भरून टाकला. त्यांनी भरले ते खोटे नव्हते, पण आईचे खाते त्या कागदावरून पुसले गेले. लिनीअसच्या चरित्राकडे मी याच डोळ्यांनी पाहिले, हे कबूल केलेले बरे.

मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी आईची फार इच्छा. वेक्शो गावच्या शाळेत कार्लला घातले. पण तो वर्गात कमी आणि रानात जास्त. 1726 साली वडील चौकशीला आले तेव्हा शिक्षकांनी सांगितले की या मुलाला विद्या येणार नाही, एखाद्या कारागिराच्या हाताखाली घाला. बाप खचला. त्या शाळेत शिकवणारे डॉक्टर योहान रोथमन यांनी मात्र मुलगा वैद्य होऊ शकेल असे सांगून त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि वनस्पतींची शास्त्रशुद्ध ओळख करून दिली. लिनीअसच्या आयुष्यात असे दार उघडणारे लोक फार वेळा भेटतात. पुढे 1727 मध्ये लुंड येथे तो डॉक्टर स्टोबेअस यांच्या घरी राहिला. त्यांची पुस्तके तो रात्री चोरून मेणबत्तीच्या उजेडात वाचीत असे. एका रात्री पकडला गेला, पण शिक्षा होण्याऐवजी त्याला ग्रंथसंग्रह मोकळा झाला. 1728 साली तो उप्साला विद्यापीठात आला तेव्हा खिशात पैसे नव्हते, बुटांच्या भोकांत कागद घालून चालावे लागे. तेथे ओलोफ सेल्सिअस या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याला बागेत फुले न्याहाळताना पाहिले आणि आश्रय दिला. (तापमापकावर ज्याचे नाव आहे त्या सेल्सिअसचे हे काका.) दोन वर्षांत हा विद्यार्थी विद्यापीठाच्या बागेत इतरांना व्याख्याने देऊ लागला.

उप्सालातच त्याला पीटर आर्टेडी हा मित्र मिळाला. दोघांनी सृष्टी वाटून घेतली. मासे आर्टेडीचे, पक्षी आणि फुले लिनीअसची, अशी. दोघांपैकी जो आधी जाईल त्याचे अपुरे काम दुसऱ्याने पुरे करायचे, असा करारही झाला. विशीतल्या मुलांचे करार आपण गमतीने घेतो. यांचा लवकरच खरा ठरला.

1732 साली लिनीअस एकटा घोड्यावर बसून लॅपलंडच्या थंड प्रदेशात गेला. पाच महिने हिंडला, वनस्पती गोळा केल्या, तिकडच्या रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांची राहणी टिपून ठेवली. या प्रवासात घोड्याच्या जबड्याचे एक हाड त्याच्या दृष्टीस पडले, असे सांगतात. ते पाहून त्याच्या मनात आले की कोणत्या जनावराला कोठे आणि किती दात असतात, कोठे आणि किती स्तन असतात, एवढे जरी कळले तरी साऱ्या चतुष्पादांची नीट मांडणी करता येईल. वाचकहो, हा दातांचा मुद्दा लक्षात ठेवा. खवले मांजराला दात नसतात.

पुढचा टप्पा हॉलंडचा. फालून गावच्या डॉक्टर मोरेअस यांच्या मुलीशी, सारा एलिझाबेथशी, त्याचे लग्न ठरले. पण आधी पदवी मिळव, असे सासऱ्यांनी बजावले. 1735 मध्ये तो निघाला. वाटेत हॅम्बुर्ग शहरात सात तोंडांचा एक भयंकर सर्प प्रसिद्ध होता. तो तेथल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या मालकीचा होता आणि त्याची किंमत फार मोठी सांगितली जात असे. लिनीअसने जवळून पाहिले आणि जबडे मुंगसासारख्या लहान प्राण्यांचे असून वरून सापाचे कातडे चिकटवले आहे हे जाहीर करून टाकले. एका दिवसात मालकाची मालमत्ता शून्यावर आली. लिनीअसला ते शहर घाईने सोडावे लागले. आमच्या विषयात याला मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन म्हणतात. ते करणाऱ्यावर कोणी खूश होत नाही, हे तेव्हाही खरे होते.

हॉलंडमधल्या हार्डरवाइक येथे दोन आठवड्यांच्या आत त्याने वैद्यकाची पदवी मिळवली. प्रबंध हिवतापावर होता आणि त्याचे कारण म्हणून त्याने चिकणमातीच्या जमिनीकडे बोट दाखवले. साफ चूक! डासांचा शोध लागायला दीडशेहून अधिक वर्षे होती. त्याच वर्षी लायडन येथे त्याचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले, सिस्टेमा नॅचुरी, म्हणजे निसर्गाची व्यवस्था. मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पाने. त्यांत खनिजे, वनस्पती आणि प्राणी अशी सारी सृष्टी रकान्यांत मांडलेली. पहिल्यांदा त्या पानाचे चित्र पाहिले तेव्हा मला हसू आले, कारण ते हुबेहूब खतावणीचे पान दिसत होते.

आर्टेडीही त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमला आला होता. एका रात्री घरी परतताना तो कालव्यात पडून बुडाला. वय तीस. त्याचे भाडे थकलेले होते म्हणून घरमालक कागद देईना. लिनीअसने आपला आश्रयदाता जॉर्ज क्लिफर्ड याच्याकडून पैसे घेऊन ते कागद सोडवले आणि 1738 मध्ये मित्राचा माशांवरचा ग्रंथ छापून करार पाळला. त्या ग्रंथात देवमासेही माशांतच धरलेले होते. हेही पुढे लागणार आहे.

हा क्लिफर्ड डच ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध असलेला श्रीमंत पेढीवाला. त्याच्या बागेत पूर्वेकडची झाडे उबदार काचघरांत वाढवलेली असत. लिनीअसला आपल्याकडच्या वनस्पती अशाच पुस्तकांतून आणि काचघरांतून भेटल्या. केरळातल्या झाडांवरचा हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने आपल्या कामासाठी पुष्कळ वापरला. तो ग्रंथ सिद्ध करण्यास ज्यांनी मदत केली त्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांचे कोकणीतले प्रमाणपत्र नागरी अक्षरांत त्यात छापलेले आहे. म्हणजे आपल्या बाजूच्या माणसांचे ज्ञान लिनीअसच्या टेबलापर्यंत पोहोचले होते.

1738 साली तो स्वदेशी परतला, 1739 मध्ये लग्न झाले. स्टॉकहोममध्ये डॉक्टरी केली. सुरुवातीला रोगी मिळेनात, मग गुप्तरोग आणि खोकल्यावर इलाज करणारा म्हणून नाव झाले. त्याच साली स्थापन झालेल्या स्वीडिश विज्ञान अकादमीचा तो पहिला अध्यक्ष होता. 1741 मध्ये उप्सालात प्राध्यापक झाला आणि मरेपर्यंत तेथेच राहिला.

प्राध्यापक म्हणून तो विलक्षण असला पाहिजे. उन्हाळ्यात तो विद्यार्थ्यांना घेऊन गावाबाहेर वनस्पती शोधायला जाई. शंभराहून अधिक मुले असत. परतताना शिंगे आणि नगारे वाजवीत मिरवणूक निघे. विद्येत एवढा आनंद बरा नव्हे, अशी तक्रारही झाली. त्याच्या घरी माकडे होती आणि अमेरिकेतून आलेला एक रॅकून होता. दुसऱ्या बाजूने माणूस गर्विष्ठ. झाडांची वर्गवारी त्याने फुलांतल्या पुंकेसरांच्या संख्येवरून केली, हे फार अश्लील आहे असे म्हणत योहान सीगेसबेक या जर्मन विद्वानाने हल्ला चढवला. त्याचे नाव मग लिनीअसच्या पद्धतीत एका क्षुद्र तणाला चिकटून बसले. ते तण आजही त्याच नावाने ओळखले जाते. वैर कसे करावे ते शास्त्रज्ञांकडून शिकावे!

त्याचे खरे मोठे काम नावांचे. त्याच्या आधी एखाद्या झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधले आठ-दहा शब्दांचे वर्णनच असे. प्रत्येक पंडित आपले वेगळे वर्णन लिही. लिनीअसने 1753 साली वनस्पतींना आणि 1758 साली प्राण्यांना दोनच शब्दांची नावे लावली. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या जातीचा. व्यापारी भाषेत बोलायचे तर त्याच्या आधी सृष्टीची फक्त कीर्द होती, जसे दिसेल तसे टिपलेले. त्याने खतावणी घातली, प्रत्येकाला खाते दिले आणि खाते सापडेल असा क्रम लावला. म्हातारपणी तर तो सुट्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर नोंदी करू लागला. नवी जात आली की चिठ्ठी मध्ये सरकवता येई. ग्रंथालयात कार्डांच्या पेट्या असतात, त्यांची ही पूर्वजच म्हणायची.

आता 1758. सिस्टेमा नॅचुरीची दहावी आवृत्ती. डझनभर पानांच्या पुस्तकाचे आता खंड झाले होते आणि प्राण्यांच्याच चार हजारांहून अधिक जाती त्यात होत्या. याच आवृत्तीत त्याने चतुष्पाद हे जुने खाते बंद केले आणि सस्तन हे नवे उघडले. जी मादी पिल्लाला दूध पाजते तिचे सारे कुळ यात. तेव्हा देवमासा, जो वीस वर्षांपूर्वी त्याने स्वतःच छापलेल्या मित्राच्या ग्रंथात मासा होता, तो माशांतून काढून सस्तनांत आणला. आपल्या मृत मित्राची नोंद दुरुस्त करणे सोपे गेले नसेल. पण केली.

आणि येथे आपले जनावर येते. युरोपातले जुने लेखक त्याला खवल्यांचा सरडा म्हणत. माझ्या भावाची सुसर त्याच जातीची समजूत. लिनीअसने त्याला सस्तनांत घेतले, मॅनिस असे कुळनाव दिले आणि फॉर्मोसा, म्हणजे आजचे तैवान, येथल्या जातीचे नाव मॅनिस पेंटाडॅक्टिला ठेवले. पेंटाडॅक्टिला म्हणजे पाच बोटांची. मॅनिस हा शब्द भुतांसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून घेतला, असे मानतात. रात्री हिंडणारे आणि विचित्र दिसणारे, म्हणून.

सस्तन तर ठरले, पण सस्तनांत कोठे? लिनीअसने आठ गण केले होते आणि ते मुख्यतः दातांवरून. या प्राण्याला तर एकही दात नाही. तेव्हा ज्यांना पुढचे दात नाहीत अशांच्या ब्रूटा नावाच्या गणात त्याने ते टाकले. त्या गणात शेजारी कोण कोण होते पाहा. हत्ती, पाण्यातले मॅनाटी, झाडाला उलटे टांगून राहणारे स्लॉथ आणि दक्षिण अमेरिकेचे मुंगीखाऊ! आमच्या तासाला सर सांगतात की तेरीज जुळेना आणि फरक कोठला तेही कळेना, तर ती रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकावी. ब्रूटा हे मला लिनीअसचे उचंत खाते वाटले. गंमत म्हणजे त्याच आवृत्तीत अंगावर कवच असलेल्या आर्माडिलोला त्याने डुकराबरोबर ठेवले होते आणि गेंड्याला उंदीर-सशांच्या गणात! मामाला हे सांगितल्यावर त्याला फार धीर आला.

पण उचंत खात्यात टाकणे म्हणजे चूक करणे नव्हे. एकूण रक्कम हिशेबात राहते, हरवत नाही. लिनीअसने त्या प्राण्याला सरड्यांतून काढून दूध पाजणाऱ्यांत आणले, तो निर्णय आजतागायत कोणी बदललेला नाही. खवले हे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात, खवल्यांच्या मधून केस उगवतात, मादीला बहुधा एकच पिल्लू होते आणि ते तिच्या शेपटीवर बसून हिंडते.

लिनीअसच्या मृत्यूनंतर या खात्याची बदली अनेकदा झाली. फ्रान्सच्या क्यूव्हियेने स्लॉथ, आर्माडिलो, मुंगीखाऊ यांच्याबरोबर त्याला दंतहीन म्हणून एकत्र ठेवले. हे पुष्कळ काळ पटले, कारण मुंगीखाऊ आणि खवले मांजर यांचे सारखेपण डोळ्यांत भरते. लांब चिकट जीभ, दात नाहीत, पुढच्या पायांना उकरण्यासाठी जबर नख्या. परंतु ते सारखेपण नात्याचे नसून धंद्याचे आहे. दोघेही मुंग्या आणि वाळवी खातात, आणि तो धंदा करणाऱ्याला तीच हत्यारे लागतात. एकाच बाजारातले दोन दुकानदार सारखी तागडी वापरतात म्हणून भाऊ ठरत नाहीत. 1904 साली वेबर या शास्त्रज्ञाने खवलेवाल्यांना फोलिडोटा असा स्वतंत्र गण दिला, म्हणजे शल्कधारी. त्यात आज मॅनिडी हे एकच कुळ जिवंत आहे आणि त्याच्या आठ जाती सर्वमान्य आहेत, चार आशियातल्या व चार आफ्रिकेतल्या. अलीकडे आणखी एक-दोन नावे सुचवली गेली आहेत. आपल्याकडची ती मॅनिस क्रॅसिकॉडाटा, म्हणजे जाड शेपटीची.

तरी या गणाचे सख्खे शेजारी कोण, हा प्रश्न राहिलाच होता. तो या शतकाच्या आरंभी रक्त-पेशींतल्या जनुकांच्या तपासणीने सुटला. खवले मांजराचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे मांसाहारी गण. वाघ, कुत्रे, अस्वल आणि मांजर! होय, मांजर. बाबांचे म्हणणे खरे ठरले. अर्थात आपल्या पूर्वजांनी जनुके तपासून ते नाव ठेवले नव्हते; चालीवरून, आकारावरून ठेवले असेल. बंगालीत त्याला बनरुई, म्हणजे रानातला रोहू मासा म्हणतात. अंदाजाने मारलेल्या तीन दगडांपैकी एक लागला, इतकेच. डुक्करही फार दूरचे नाही, पण मांजराएवढे जवळचे नक्कीच नाही. आणि ज्या गटात शास्त्रज्ञ आता खवले मांजर व मांसाहारी यांना एकत्र धरतात त्याला नाव दिले आहे फेरी. हे लिनीअसच्याच एका जुन्या गणाचे नाव. त्याने त्या गणात खवले मांजर ठेवले नव्हते, ते त्याच्या खात्यात अडीचशे वर्षांनी जमा झाले.

येथपर्यंत लिनीअसची मी चाहती आहे. पण त्याच 1758 च्या पुस्तकाच्या आरंभी माणूस आहे. माणसाला त्याने वानरांच्या शेजारी बसवले, ते धाडसाचे होते आणि बरोबर होते. त्यानंतर मात्र माणसाचे चार भाग केले, खंडांप्रमाणे, आणि प्रत्येकापुढे रंग, स्वभाव व राज्यपद्धती लिहिली. युरोपियन कल्पक आणि कायद्याने चालणारा. आशियाई पिवळट, उदास, लोभी आणि मतांनी चालणारा. आफ्रिकन आळशी आणि लहरीने चालणारा. दातांची मोजणी करणाऱ्या माणसाने येथे काय मोजले होते? काही नाही. जहाजांवरच्या गप्पा आणि प्रवासवर्णने. खवले मांजराचे ठिकाण त्याला नीट कळले नाही, तेव्हा त्याने ते चाचपडत ठेवले. माणसाचे मात्र कळले आहे अशा थाटात लिहून टाकले. ज्या विद्वानाने सामींच्या झोपड्यांत पाहुणचार घेतला त्याला एवढा संशय यायला हवा होता. त्या नोंदीचा पुढे दोनशे वर्षे लोकांनी कसा उपयोग केला, ते इतिहासाचे विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले सांगतील. देवमाशाची नोंद त्याने दुरुस्त केली. ही केली नाही.

त्याच्या हिशेबात आणखी एक नावे बाजू आहे. जगभरातले नमुने आणण्यासाठी त्याने आपले विद्यार्थी पाठवले. अशा सतरा जणांना त्याचे प्रेषित म्हणतात. त्यांतले कित्येक परत आले नाहीत. टर्नस्ट्रोम पूर्वेकडे जाताना 1746 मध्ये, हासेलक्विस्ट तुर्कस्तानात 1752 मध्ये, लोफलिंग व्हेनेझुएलात 1756 मध्ये, फोर्स्कोल येमेनमध्ये 1763 साली वारला. टर्नस्ट्रोमच्या बायकोने नवरा गेल्याचा दोष लिनीअसला दिला. त्यानंतर त्याने नियम केला की फक्त अविवाहितांना पाठवायचे! योहान कोएनिग हा त्याचा एक शिष्य 1768 मध्ये तामिळनाडूतल्या तरंगंबाडीला आला आणि दक्षिणेत वनस्पती धुंडाळीत राहिला. तोही 1785 साली भारतातच वारला.

लिनीअसचे अर्थकारणही सांगण्यासारखे आहे. स्वीडनची चांदी चहाच्या पायी चीनला जाते याचे त्याला फार दुःख. चहाचे झाडच स्वीडनमध्ये लावावे, असा त्याचा बेत होता. अनेक प्रयत्न फसल्यावर 1763 मध्ये एका कप्तानाने जिवंत रोपे आणून दिली. पण स्वीडनच्या थंडीत चहाची लागवड कधी उभी राहिली नाही. आयात थांबवायची म्हटले की हवामानही आपल्या बाजूचे असावे लागते.

राजाने त्याला 1761 साली सरदारकी दिली, तेव्हापासून तो फॉन लिने झाला. लिंडनच्या झाडावरून घेतलेले नाव असे एकदा पुन्हा बदलले. 1774 मध्ये त्याला अर्धांगाचा पहिला झटका आला, दोन वर्षांनी दुसरा. मग स्मृती जाऊ लागली. शेवटी शेवटी त्याला आपली स्वतःची पुस्तके वाचायला दिली तर ती फार आवडत, पण ती आपण लिहिली आहेत हे उमगत नसे. हजारो झाडांना आणि जनावरांना ज्याने नावे दिली त्याला स्वतःचे नावही नेहमी आठवत नसे, असे सांगतात. 10 जानेवारी 1778 रोजी तो वारला. उप्सालाच्या कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले आहे. मुलगाही 1783 मध्ये गेल्यावर विधवा सारा एलिझाबेथने मुलींच्या भवितव्यासाठी सारा संग्रह विकायला काढला. जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणाने तो विकत घेतला आणि 1784 मध्ये झाडे, किडे, शिंपले, पुस्तके, कागद अशा पेट्या भरून लंडनला गेल्या. त्यातूनच 1788 साली तेथे लिनियन सोसायटी स्थापन झाली. तो संग्रह आजही तिच्याकडे आहे.

सारे वाचून झाल्यावर गेल्या दिवाळीत मी आजोळी निकाल जाहीर केला. बाबांनी जिंकल्याचा आव आणला. मामाने सगळे ऐकून घेतले आणि त्याच्या वडिलांनी त्याला चिप्पुहंदी दाखवली होती, मांजर नव्हे, तेव्हा तो तेच म्हणणार, असे सांगितले. मला ते मान्य आहे. लॅटिन नाव एक असले म्हणजे घरातली नावे खोडावी लागत नाहीत. लिनीअसने तशी अट घातलेली माझ्या तरी वाचनात आली नाही.

एका यादीत मात्र या जनावराचे नाव बरोबर असणे फार महत्त्वाचे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे आणि 2016 साली आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद करण्याचे ठरले. तरी चोरटी शिकार चालूच आहे; खवल्यांत औषध आहे अशा समजुतीने. नखे कुरतडून ज्यांना गुण येत असेल त्यांनाच खवल्यांनी येईल! संकट आले की हा प्राणी पळत नाही, चावत नाही, नुसता गोळा होतो. वाघापुढे हा उपाय चालतो. माणूस गोळा उचलून पोत्यात घालतो.

या मे महिन्यात मामाने मला एकटीला शेताच्या वरच्या अंगाला नेले. तेथे वाळवीचे एक वारूळ ताजे उकरलेले होते, मातीत नख्यांच्या खुणा होत्या आणि थोड्या अंतरावर झुडपाखाली बिळाचे तोंड दिसत होते. ही गोष्ट त्याने गावात कोणालाच सांगितलेली नाही. वर मी तालुक्याचे नाव लिहिले आहे, गावाचे लिहिलेले नाही, त्याचे कारण एवढेच.